शरदला, त्याच्या यादीबद्दल

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, यादीही मिळाली. पत्रापेक्षा यादीच लांब! सकाळी हळदीच्या अर्काची कॅप्सूल, दुपारी गिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क, रात्री अश्वगंधा, मधेमधे ज्येष्ठमधाचा काढा, आणि या सगळ्यात कुठेतरी कोपऱ्यात रक्तदाबाची गोळी. ‘सगळं नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय होण्याचा प्रश्नच नाही,’ असं वर ठणकावून लिहिलंयस आणि खाली माझं मतही विचारलंयस. मी डॉक्टर नाही. पण वैद्यकीय ग्रंथालयात नोकरी झाली, शोधनिबंध कुठून वाचायला घ्यायचा एवढं अंगवळणी पडलंय. तेव्हा ऐक.

आधी तुझ्या बाजूने बोलतो. वनस्पतींत औषध असतं यात वादच नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या झुडपात सापडतं. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची गोष्ट तर त्याहून सुरस. चीनच्या संशोधक तू योयो यांनी जुने ग्रंथ चाळले, तेव्हा चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली : छिंगहाओ नावाची वनस्पती पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि प्या. उकळा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असणार हे त्यांनी ओळखलं आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. तो आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर तपासला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या ओळीचा मान राखला गेला तो हा असा, तपासून. नाहीतर ती ग्रंथातच पडून राहिली असती.

म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला मी एवढंच विचारतो : हे आपल्या वयाच्या माणसांना देऊन पाहिलंय का, आणि शेवटी मोजलं काय? ‘पेशींवर परिणाम दिसला’ हे उत्तर मला पुरत नाही.

या प्रश्नाचं महत्त्व मला फिनलंडमधल्या एका प्रयोगाने पटलं. बीटा कॅरोटिन हे भाज्या-फळांमधलं रंगद्रव्य, म्हणजे तुझ्या व्याख्येने शंभर टक्के नैसर्गिक. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक पाहण्यांत दिसत होतं. मग गोळीतून दिलं तर आणखी बरं, नाही का? धूम्रपान करणारे ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष निवडले. काहींना बीटा कॅरोटिन दिलं, काहींना दिलं नाही, आणि काही वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! भाज्या खाणारी माणसं इतरही बऱ्याच बाबतींत वेगळी असतात. त्यांच्या ताटातला एक पदार्थ उचलून गोळीत भरला की त्यांची तब्येत गोळीत येत नाही. अमेरिकेतही असाच एक प्रयोग चालू होता, तिथेही धोका वाढलेला दिसला आणि १९९६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला.

आता तुझी यादी. गिंको स्मरणशक्तीसाठी घेतोस ना? ७५ वर्षं आणि त्यावरच्या ३,००० हून अधिक लोकांना सहाएक वर्षं देऊन पाहिलंय, रोज १२० मिलिग्रॅम दोनदा. स्मृतिभ्रंश काही टळला नाही. २००८ सालीच हे छापून आलंय. पैसे वाचव.

हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. म्हणून कॅप्सूल करणारे त्यात काळ्या मिरीचा अर्क घालतात, तुझ्या बाटलीवर बारीक अक्षरात बघ. त्याने शोषण वाढतं खरं, पण हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत, आणि त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्क होता. जेवणातली चिमूट वेगळी, अर्काची कॅप्सूल वेगळी. अश्वगंधेवर झोपेसाठी छोटे प्रयोग झालेत, थोडा फायदा दिसतोही. पण ते काही आठवड्यांचे, आणि तू ती जन्माची घ्यायला निघालायस.

हे सगळं एकवेळ चालेल. माझा जीव टांगणीला लागलाय तो त्या काढ्यामुळे. यादीतली सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी वस्तू तीच. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं, त्याला ते अडवतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ राखून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं : मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि रक्तदाब चढतो. म्हणजे एका हाताने रक्तदाबाची गोळी घेतोस आणि दुसऱ्या हाताने तो वाढवतोस. त्यातून तुझी गोळी लघवी वाढवणाऱ्या प्रकारची असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घसरणार, आणि ते फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. घसा दुखताना क्वचित घेतलेल्या घोटाबद्दल मी बोलत नाही. रोज दोन वेळा, महिनोन्‌महिने, त्याबद्दल बोलतोय. काढा आजच बंद कर, डॉक्टरांना सांग आणि पोटॅशियम तपासून घे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. जाताना यादी खिशात घेऊन जा, अगदी काढ्यासकट. ‘दुसरं काही औषध घेता का?’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपण सगळे बेधडक ‘नाही’ म्हणून मोकळे होतो.

‘मग म्हातारपणी करायचं तरी काय?’ असं तू आता चिडून विचारशील. जे टिकलंय ते कंटाळवाणं आहे, तेवढी तयारी ठेव. १९९४ मध्येच अमेरिकेत एका वृद्धनिवासातल्या १०० जणांवर प्रयोग झाला, सरासरी वय ८७. चार गट केले : एकाला पायांच्या ताकदीचा व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली, चाल सुधारली, जिने चढणं सुधारलं. नुसतं पेय पिणारे होते तिथेच राहिले. पेय विकायला सोपं, वजनं उचलणं आपलं आपल्यालाच करावं लागतं, म्हणून जाहिरात कशाची दिसते ते बघ. तू रोज फिरतोस, उत्तमच, पण फिरण्याने मांड्या पुरेशा बळकट होत नाहीत. आठवड्यातून दोनदा ताकदीचा आणि तीनदा तोल सांभाळण्याचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या वरच्यांना सांगते.

आणखी एक, मला फार आवडलेलं. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळाली. त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं. असा प्रयोग ठरवूनही जमला नसता! संशोधकांनी सात वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांशाने कमी. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हाची लस आता बहुतेक ठिकाणी बदललीय, आणि हे असं का होतं त्याचा शोध अजून चालू आहे. पण स्मरणशक्तीसाठीच काही घ्यायचं असेल तर गिंकोपेक्षा याची चौकशी कर. आणि कानही तपासून घे बाबा. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मोडतं, आणि फोनवर हल्ली मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं.

पत्र वाचून झालं की एक कर. न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीवर आडवे बांध आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहून परत बसतोस ते मोज. वहिनींना शेजारी उभं राहू दे. ६५ ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. तो आकडा आणि पोटॅशियमचा आकडा, दोन्ही कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू