नरबळीबद्दल बोला: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस,

सप्रेम नमस्कार.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी टांझानियात, म्वान्झाला होतो. तिथल्या एका घरात पाहिलेली कबर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. झोपायच्या खोलीत, खाटेला लागून, वर सिमेंटचा जाड थर. आत त्या घरातला मुलगा. त्याला अल्बिनिझम होता, म्हणजे जन्मतःच त्वचेत आणि केसांत रंग नव्हता. "बाहेर पुरला असता तर हाडं उकरून नेली असती," त्याची आई म्हणाली. बोलताना तिचे हात सुपातले तांदूळ निवडतच होते.

व्हिक्टोरिया सरोवराच्या त्या पट्ट्यात अशा माणसांचे हातपाय तोडून नेतात. त्यांच्या अवयवांनी खाणीत सोनं लागतं, जाळ्यात मासळी येते, निवडणूक जिंकता येते, असं सांगणारे मांत्रिक आहेत आणि त्यांना पैसे मोजणारी गिऱ्हाइकंही आहेत. गिऱ्हाईक गरीब नसतं, हे लक्षात घ्या. रस्त्यावरून अल्बिनिझम असलेलं पोर चाललं की टवाळ पोरं 'डिली' म्हणून हाका मारतात. डिली म्हणजे सौदा. मे 2024 मध्ये कागेरा भागातून एका चिमुरडीला पळवलं. तिचा छिन्नविच्छिन्न देह जूनमध्ये सापडला. मधल्या दिवसांत 13 जून, संयुक्त राष्ट्रांचा अल्बिनिझम जागृती दिन, येऊन गेला होता.

साहेब, 'त्यांच्या संस्कृतीत आपण कशाला पडायचं?' असं मला इथले शिकलेले लोक विचारतात. पण ते पोर आणि त्याची आईसुद्धा त्याच संस्कृतीतली आहेत ना! टांझानियाच्या सरकारनं 2015 मध्ये मांत्रिकांवर बंदी घातली, तिथले कार्यकर्ते जीव धोक्यात घालून बोलतात. आपल्या गप्प बसण्यानं मान राखला जातो तो फक्त मांत्रिकाचा.

आणि आपल्याला बोलायचा अधिकार आहे, कारण हे आपल्या अंगणातही घडलंय. परभणीतल्या मानवतचं, नरबळीपायी झालेलं हत्याकांड 1972 ते 74 मधलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा मागणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 'धर्मात ढवळाढवळ करता' म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि मगच कायदा आला. त्या कायद्याच्या नावातच 'नरबळी' हा शब्द आहे. आम्ही तो शब्द लपवला नाही.

2023 मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकन युनियनला जी-20 चं सदस्यत्व मिळालं, याचा मला मनापासून अभिमान वाटला. एका पंगतीला बसलेल्यांनी एकमेकांच्या लेकरांची विचारपूस करायची नाही, तर कुणी करायची?

येत्या 13 जूनला दार-ए-सलाममधल्या आपल्या उच्चायुक्तांना या कुटुंबांकडे पाठवा. आपला कायदा सोबत द्या, तो मिळवायला काय मोजावं लागलं तेही सांगा. आणि पुढच्या द्विपक्षीय बैठकीत व्यापार, बंदरं, संरक्षण यांच्या यादीत हा विषय तुमच्या तोंडून येऊ द्या.

आपला नम्र,
म्वान्झाहून परतलेला एक मराठी माणूस