मी शिकवायचेच का ठरवले

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र पोचले. इतकी वर्षे पियानो शिकल्यावर मी मैफली का करत नाही, नुसत्या शिकवण्याच का करते, असे तुम्ही विचारले आहे. फोनवर हे बोलणे नेहमी अर्धवट राहते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरांची ओळख मला तुमच्या पेटीवर झाली. दोन्ही वाद्यांत पट्ट्यांची मांडणी सारखीच असल्यामुळे पियानो सोपा जाईल असे आपल्याला वाटले होते, पण प्रत्यक्षात हाताला सगळे नव्याने शिकवावे लागले. पेटीत भाता हवा पुरवतो तोवर सूर टिकतो आणि त्याचा लहानमोठेपणाही भात्याच्या हाती असतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे येते, त्या क्षणापासून सूर विरू लागतो, आणि तो जोरकस निघणार की मऊ, हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर नाहीच. त्यामुळे विरत चाललेल्या सुरातून पुढचा सूर अशा बेताने उचलायचा, की ऐकणाऱ्याला गळ्यातून निघाल्यासारखी सलग ओळ ऐकू यावी, हीच या वाद्याची खरी साधना आहे. माझ्या बाईंनी सुरुवातीला मला दुसरे काही वाजवूच दिले नाही. पाच सुरांची एकच ओळ, मनगट सैल ठेवून, एका बोटावरचा भार पुढच्या बोटाकडे सोपवत, पुन्हा पुन्हा. तुम्ही लावलेली रियाजाची सवय तिथे कामी आली.

आता मैफलींविषयी. कार्ल चेर्नी हे नाव तुम्ही माझ्या तोंडून ऐकले असेल, कारण त्याने लिहिलेले पाठ पियानोचे विद्यार्थी आजही घोटतात. लहानपणी तो व्हिएन्नामध्ये बीथोवनकडे शिकायला गेला, तेव्हा पहिल्या धड्यांत बीथोवनने त्याच्याकडून सर्व स्वरांपासूनची सप्तके घोटून घेतली आणि अंगठा कसा वापरायचा ते दाखवले. पुढे चेर्नीने मैफलींपेक्षा शिकवण्यालाच वाहून घेतले. त्याच्याकडे एक मुलगा आला, बोटे वेडीवाकडी टाकणारा, खुर्चीवर डोलणारा, पण विलक्षण प्रतिभेचा. चेर्नीने त्याचा हात त्याच शिस्तीने बसवला आणि काही धड्यांनंतर फी घेणे नाकारले. तो मुलगा म्हणजे पुढे पियानोवादक म्हणून गाजलेला फ्रान्झ लिस्ट. त्यानेही उतारवयात जर्मनीतल्या वायमारला येणाऱ्या शिष्यांकडून फी घेतली नाही, आणि १८५२ साली प्रसिद्ध झालेला आपल्या अत्यंत अवघड रचनांचा संग्रह चेर्नीला अर्पण केला. बीथोवनची तालीम पुढे गेली ती या शिकवणीच्या खोलीतून, आणि चेर्नीने मैफली फारशा केल्या नाहीत म्हणून संगीताचे काही नुकसान झाले, असे मला वाटत नाही.

तरी मी शिकवते ते या विचाराने नव्हे. मला त्यात विलक्षण आनंद होतो म्हणून. माझ्याकडची आठ वर्षांची एक मुलगी सध्या एक छोटा मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या जुन्या नाचाच्या चालीची रचना, वाजवते आहे. जर्मन संगीतकार बाखच्या पत्नीच्या १७२५ सालच्या वहीत तो उतरवलेला असल्यामुळे पुष्कळ काळ बाखचाच समजला गेला. प्रत्यक्षात रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची आहे. उजवा हात ‘प, सा रे ग म, प सा सा’ असा चालतो आणि त्याखाली डावा हात संथपणे ‘सा रे ग’ चढतो. डावा हात म्हणजे नुसती साथ, अशी तिची समजूत होती, त्यामुळे तो जड पडत असे. मी तिला काही दिवस डावा हात वाजवूच दिला नाही. उजव्याने वाजवत डाव्याची ओळ गायला सांगितली. आधी बोटे अडत, मग गळा अडे. नंतर एके दिवशी ती दोन्ही हातांनी वाजवायला बसली, तर डाव्या हाताचा षड्ज तिने दोन मात्रा नीट धरून ठेवला आणि तिसऱ्या मात्रेवरचा रिषभ ऐकू येईल इतका उजवा हात हलका केला. हे मी सांगितले नव्हते. तिच्या कानानेच ते मागून घेतले. स्वतः कितीही चांगले वाजवले, तरी त्या वेळी जे वाटले ते मला कधी वाटलेले नाही.

मोठ्या वयाचे विद्यार्थीही येतात. त्यांना समज लवकर येते, पण हात मोकळा व्हायला वेळ लागतो, आणि त्यांच्याबाबत मला अधिक धीर धरावा लागतो.

एक काम आहे. तुमच्या हस्ताक्षरातली अलंकारांची वही कपाटात असेल, तिच्या पानांचे फोटो काढून पाठवा. ‘सारेग, रेगम’ सारखे पलटे बाराही स्वरांपासून वाजवून घेतले, तर मुलांचा अंगठा आणि कान दोन्ही एकदम तयार होतात, आणि त्या वहीतले अवघड पलटे मला आता आठवत नाहीत.

आईच्या आणि तुमच्या प्रकृतीविषयी सविस्तर कळवावे.

तुमची,
ताई