मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत

महोदय,
तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी आजही अनेक घरांत दातांना लावतात. ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण हिरडी मागे सरते, मूळ उघडे पडते आणि तिथेच कीड लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

त्याऐवजी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी 45 अंशांत तिरका धरून, वाटाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे हलक्या हाताने घासावे. रक्त आले की लोक ती जागा घासणेच सोडतात. मग तिथे थर साचून सूज वाढते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवूच नये. आशाताईंनी गरोदर बायांना मशेरीबद्दल आवर्जून विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक दंतवैद्य, कराड