वाफशाच्या दिवशी आलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय.

घरामागच्या त्या तुकड्यात तीन वर्षं मी जे जे लावलं ते गेलं. पावसात चपलेला चिकटून पाय जड करणारी, आणि उन्हात वाळली की बोट आत जाईल एवढ्या भेगा पडणारी माती. कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या यायच्या. तुमच्याआधी तिघे जाणकार येऊन गेले. पहिल्याने वाळू ओतायला लावली. चिकणमातीचा कण ०.००२ मिलीमीटरहूनही बारीक असतो आणि वाळूचा त्याच्या कितीतरी पट मोठा. त्यामुळे वाळू थोडीथोडकी असली की चिकणमाती तिच्या फटींत जाऊन बसते आणि वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते, हे मला तुम्ही सांगितलंत. ज्याचा तो धंदाच आहे त्याला ते माहीत नसावं? दुसऱ्याने जिप्समच्या, म्हणजे मातीत मिसळायच्या एका खनिजाच्या, गोण्या आणवल्या. तिसरा म्हणाला, माती मेलेली आहे, वरचा थर उचलून फेकून द्या. तिघांचेही पैसे मी चुकते केले. तिघांपैकी एकानेही खाली वाकून मातीला हात लावला नव्हता. त्याचा राग मला अजून येतो.

तुम्ही आलात त्या दिवशी पाऊस नुकताच उघडला होता. मी कुदळ घेऊन तयारच होते. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, भिंतीला टेकवून ठेवलीत आणि म्हणालात, “आज नाही.” मग उकिडवे बसून लिंबाएवढा गोळा उचललात, मळलात आणि अंगठा व तर्जनीच्या मधून त्याची पट्टी काढत राहिलात. पट्टी ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली तरी तुटली नाही. तुमच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. ही माती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवते, पाणीही धरते, हिला फक्त हवा मिळत नाहीये, असं तुम्ही म्हणालात. त्या मातीबद्दल चांगलं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वाळलेलं रोप तुम्ही हळूच उपटलंत आणि खड्ड्याची कड दाखवलीत. कुंभाराने ओला हात फिरवावा तशी गुळगुळीत, चकचकीत. ओल्या मातीत खणताना माझ्याच फावड्याने ती लिंपली गेली होती. मुळं त्या भिंतीपाशी वळून आतल्या आत गोल फिरत राहिली होती. वर मी प्रेमाने खड्ड्यात नुसतं खतच भरलेलं, त्यामुळे आजूबाजूचं पाणी येऊन तिथेच साचायचं. रोपं बुडून मेली होती, काका, आणि मी त्यांना रोज पाणी घालत होते. तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत.

व्हरांड्यातलं एक वाळलेलं ढेकूळ तुम्ही पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडलंत. ते फुटून तळाशी बसलं. पाणी नितळच राहिलं. तुम्ही दोन तास थांबलात. दुधासारखा गढूळ ढग उठला असता तर मातीत सोडियम जास्त आहे आणि जिप्सम कामाचं, असं मानता आलं असतं. तसं काही झालं नाही. म्हणजे त्या गोण्यांची गरजच नव्हती, आणि हे कळायला लागला एक पेला.

पण मला खरं सांगायचंय ते नवव्या दिवसाबद्दल. मधे दोन दिवस पुन्हा सर आली, मग ऊन पडलं. नवव्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता दार वाजलं. मी बोलावलं नव्हतं, तुम्ही येतो म्हणाला नव्हतात. दारातूनच म्हणालात, “आज वाफसा आहे. दोन दिवसांनी दगड होईल.” मागे जाऊन तुम्ही मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवलीत, माझी बोटं मिटवलीत. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे होते. अंगठ्याने दाबला तर तो पसरला नाही, रव्यासारखा मोकळा झाला. माती ना चिखल ना कडक, खणायला नेमकी ओली, तोच वाफसा. भारी म्हणजे चिकण जमिनीत असे दिवस थोडेच मिळतात. आधी चिखल, नंतर खडक. माझ्या अंगणात पडलेला पाऊस आणि ऊन तुम्ही तुमच्या घरी बसून मोजत होतात. बाकीच्यांनी मातीत घालायला काहीतरी विकलं. तुम्ही माझ्यासाठी दिवस लक्षात ठेवलात. हे लिहितानाही डोळे भरून येतायत.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. उंच वाफे, दरवर्षी कुजलेलं खत, वर पालापाचोळ्याचं पांघरूण, आणि वाफ्यात पाय न ठेवणं. आपल्या कामाचं मोल न लावता दुसऱ्याच्या अडचणीकडे नीट बघणारी माणसं फार गाजावाजा करत नाहीत, म्हणून ती कमी आहेत असं वाटतं. मलाही वाटायचं. आता ओळखीतलं कुणी काही अडचण घेऊन आलं की मी आधी दोन तास थांबते.

काल पालापाचोळा बाजूला सारला तर खाली गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग होते आणि माती बोटाने उकरता आली. नुसत्या बोटाने, काका. या एकदा बघायला. वाफ्यांच्या मधे फळ्या टाकून ठेवल्यात, त्यांच्यावरून या.

तुमची,
मागच्या गल्लीतली शेजारीण