परत करायच्या आधी दोन आकडे कळव

खानापूर,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला. इकडे पावसाला खळ नाही आणि चार दिवस झाले रेंज नुसती येते-जाते. तुझं बोलणं जेवढं ऐकू आलं त्यावरून इतकं कळलं की पोरीला इंजिनिअरिंगसाठी घेतलेला नवा लॅपटॉप जेमतेम अडीच तास चालतो, ८० टक्क्यांच्या वर चार्जच होत नाही, आणि सोमवारी तू तो बेळगावच्या दुकानात परत द्यायला निघालायस. उद्या सकाळी इथला एकजण निपाणीला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. सोमवारच्या आत वाच एवढं ऐक माझं.

गेल्या वर्षी माझ्याही लॅपटॉपचं असंच झालं होतं. तू विचारलं होतंस, तेव्हा मी 'झालं नीट' एवढंच सांगून विषय संपवला. खरं तर ते इतक्यात सांगण्यासारखं नव्हतं.

जांबोटीच्या पुढं एका वाडीत गेलो होतो. तिथल्या आज्जाला जमिनीची नोटीस आलेली, सगळी कानडीत. आज्जाला मराठी छान वाचता येतं, पण त्या कागदातलं स्वतःचं नावसुद्धा त्याला ओळखू येत नव्हतं. हरकत द्यायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. सकाळपासून लाईट नव्हती, पण त्याची मला काळजी नव्हती, कारण त्यासाठीच तर हा लॅपटॉप घेतला होता. खोक्यावर १० तास लिहिलेलं. घरातून १०० टक्के भरून निघालो, दोन तासांनी त्याच्या सोप्यावर बसून पिशवीतून काढला तर तो गरम लागत होता आणि आकडा ७१ वर आलेला. नोटीस वाचून मराठीत समजावून सांगितली, मग कानडीत अर्ज टाईप करायला घेतला आणि अर्ध्या वाक्यात पडदा काळा. आज्जा काही बोलला नाही. उठून आत गेला आणि नातवाच्या वहीचं एक पान फाडून घेऊन आला. मी हातानं अर्ज लिहिला, त्यानं खाली थरथरत्या अक्षरात सही केली. काम झालं, पण ते फाडलेलं पान माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस गेलं नाही. ३८ हजार देऊन आणलेली वस्तू ज्या कामासाठी आणली तिथंच उपयोगी पडली नाही, हे मला फार लागलं.

मीही तुझ्यासारखाच दुकानात जायला निघालो होतो. आमच्या शेजारचा पोरगा बेंगळुरूला कंपनीत असतो, तो तेव्हा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, काका, आधी बॅटरी खराब आहे का ते तरी बघा. त्यानं दाखवलं तेच तुला सांगतो. विंडोजच्या स्टार्टच्या बटनावर उजवी क्लिक कर, टर्मिनल उघड, म्हणजे हुकूम टाईप करायची खिडकी. त्यात इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी असं लिही (पी-ओ-डब्ल्यू-ई-आर, मग सी-एफ-जी, सगळं जोडून), एक जागा सोड, तिरकी रेघ (/) दे आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट लिही, मध्ये जागा नको. एंटर दाबलंस की एक फाईल तयार होते आणि ती कुठं ठेवली तेही तिथंच दिसतं. ती ब्राऊझरमध्ये उघडते. वरच्या भागात दोन आकडे शोध: डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला म्हणजे कारखान्यात ठरलेली बॅटरीची धारण, दुसरा म्हणजे आज ती खरोखर किती धरते ते. आकडे मिलिवॉट-तासांत असतात, १००० नं भागलं की वॉट-तास. माझे होते ५४ आणि ५३ च्या आसपास. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती.

आपल्या खानापूरच्या कुंभाराकडून मडकं आणतो तेव्हा आपण काय करतो? पाणी भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी बघतो. मडक्यात पाणी मावतंय किती हे वेगळं आणि पाझरतंय किती हे वेगळं. माझं मडकं पुरतं मोठं होतं. पाझर शोधायचा होता.

आता हिशेब बघ, साधा आहे. ५४ वॉट-तासांची बॅटरी अडीच तासांत संपते म्हणजे लॅपटॉप तासाला साधारण २१ ते २२ वॉट-तास ओढतोय. नुसतं टाईप करायला, एखादी पीडीएफ उघडी ठेवायला माझ्यासारख्या लॅपटॉपला ७ ते ९ पुरतात. उरलेले बारा ते पंधरा कुठं जातात? हा प्रश्न हातात आला आणि माझा राग निम्मा उतरला, कारण आता भांडायला नव्हे, शोधायला काहीतरी होतं. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसलो. आई दोनदा उठून विचारून गेली, 'काय करूलास रे अजून?'

सगळ्यात आधी पडदा. दुकानातून आल्यापासून उजेड पूर्ण होता, तो निम्म्यावर आणला. शिवाय पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलत होता, मी अर्ज टाईप करतो, मला त्याचा काय उपयोग? सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं गेलास की तिथं ६० करता येतं. या दोन्हींनी मिळून तासाला तीन-चार वॉट-तास वाचले. बरं वाटलं, पण मोठा पाझर हा नव्हता.

मोठा पाझर सापडला तो हाताला. नुसतं टाईप करताना कीबोर्डची डावी बाजू गरम लागत होती. काही न करता गरम म्हणजे आत कुणीतरी काम करतंय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथं माझ्या लॅपटॉपचे दोन ग्राफिक्स दिसले. एक प्रोसेसरमधलाच, कमी खाणारा. दुसरी वेगळी चिप, जी गेम आणि जड चित्रांच्या कामासाठी असते आणि एरवी झोपलेली असायला हवी. माझी ती चिप एक मिनिटही झोपत नव्हती. कागद स्कॅन करून त्यातली अक्षरं ओळखणारं एक सॉफ्टवेअर मी घेतलंय, ते लॅपटॉप सुरू झाल्याबरोबर स्वतः उठायचं, कोपऱ्यात लपून बसायचं आणि त्या चिपला धरून ठेवायचं. मी ते आठवड्यातून दोनदा वापरतो, ते मात्र दिवसभर बॅटरी पीत होतं! टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या भागात जाऊन त्याचं आपोआप उठणं बंद केलं. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं त्याच्या नावापुढं 'हाय परफॉर्मन्स' होतं ते 'पॉवर सेव्हिंग' केलं. दुसऱ्या दिवशी तेच काम, तेवढाच उजेड, आणि लॅपटॉप सहा तास चालला.

पोरीच्या लॅपटॉपमध्ये वेगळी ग्राफिक्स चिप असण्याची शक्यता बरीच आहे, इंजिनिअरिंगच्या पोरांना दुकानदार तसाच देतात. तिला सांग, टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेसमध्ये वरच्या मथळ्यांच्या पट्टीवर उजवी क्लिक करून 'पॉवर युसेज'चा रकाना चालू कर. कोण किती खातंय ते तिथं शब्दांत लिहिलेलं असतं. ब्राऊझरच्या तीस-तीस टॅब उघड्या ठेवायची सवय असेल तर तेही तिथं दिसेल. पण एक आहे, लॅपटॉप घेऊन आठवडाही झाला नसेल तर थोडं थांब. पहिले काही दिवस तो अपडेट उतरवत असतो, आतल्या फायलींची यादी करत असतो, फोटो क्लाउडवर चढवत असतो. त्या दिवसांतल्या तासांवरून निकाल देऊ नको.

आता पिशवीतल्या गरम लॅपटॉपचं सांगतो, कारण पोरगी हॉस्टेलवरून कॉलेजला तो असाच नेणार. झाकण बंद केलं की आपल्याला वाटतं तो बंद झाला. तो झोपतो, आणि आताच्या बऱ्याच लॅपटॉपची झोप मोबाईलसारखी सावध असते. नेट जोडलेलं राहतं, मध्येच उठून मेल बघतो, अपडेट बघतो, आणि कधीकधी उठला की परत झोपतच नाही. मी रात्री ८४ वर झाकण लावलं, सकाळी ५७ होते. त्याच टर्मिनलमध्ये, पण ॲडमिन म्हणून उघडून, बॅटरीरिपोर्टच्या जागी स्लीपस्टडी लिहिलं तर झोपेत किती गेलं आणि कुणी जागं केलं ते रोजच्या रोज दिसतं. मी उपाय सरळ केला. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं, तिथं 'स्लीप' काढून 'हायबरनेट' केलं. यात उघडं असलेलं सगळं काम डिस्कवर लिहून लॅपटॉप पुरता बंद होतो. उघडताना थोडे सेकंद जास्त लागतात. आता खानापुरात ९६ वर झाकण लावतो आणि कणकुंबीत उघडतो तेव्हाही ९६ असतात.

तुझ्या ८० टक्क्यांचं कोडं मला वाटतं सगळ्यात सोपं आहे. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. म्हणून बऱ्याच कंपन्या ८० ला थांबायची सोय देतात आणि काही लॅपटॉपमध्ये ती आधीपासून चालू असते. कंपनीचं जे स्वतःचं ॲप आत असतं त्यात बॅटरीच्या भागात बघ. घरी, हॉस्टेलवर चार्जर लावून काम चाललंय तोवर ती सोय असू दे, चांगली आहे. बाहेरगावी जायच्या आदल्या रात्री तेवढी बंद करायची. आणि पोरगी लॅपटॉपला मोबाईलचा चार्जर लावत नाही ना, ते विचार. टाईप-सी असल्यामुळं तो बसतो, पण खूप हळू चार्ज होतो किंवा काम चालू असताना उलट आकडा उतरतो. खोक्यातलाच चार्जर वापरायचा.

दुकानदारानं 'पहिल्यांदा आठ तास चार्जला लावा' आणि 'दर आठवड्याला शून्यावर आणा' असं सांगितलं असेल तर ते सोडून दे. ती जुन्या निकेलच्या बॅटरींची रीत. लिथियम-आयन बाजारात येऊन १९९१ पासून इतकी वर्षं झाली, तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी निकेलचा सल्ला अजून दुकानांतून फिरतोच. हिला शून्यावर नेणं उलट जाचतं. आणि त्या खोक्यावरच्या तासांचंही मनाला लावून घेऊ नको. ते तास बहुतेक वेळा कमी उजेडात एकच व्हिडिओ चालवत ठेवून मोजलेले असतात. १० लिहिलं असेल तर रोजच्या कामात सहा-सात मिळाले तरी लॅपटॉप बरा आहे असं मी धरतो.

एवढं सांगूनही, कदाचित तुझंच बरोबर असेल. नव्या लॅपटॉपची फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनपेक्षा पाचव्या हिश्श्यानं किंवा जास्त कमी असेल, तर बॅटरीच खराब आहे. त्याच रिपोर्टमध्ये सायकल काउंट असतो, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पुरती वापरून झाली त्याची मोजणी. नव्याचा तो अगदी थोडा असायला हवा, शंभर-दोनशे दिसला तर तो लॅपटॉप आधी कुणीतरी वापरलाय. ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल तर तेही लिहून ठेव. यातलं काहीही निघालं तर रिपोर्ट छापून, बिल घेऊन सोमवारी जरूर जा, मीही खानापूरहून बेळगावला येतो, दोघं मिळून बोलू. कागद हातात असला की दुकानदाराला 'नवीन आहे, सेट होईल' म्हणता येत नाही. आणि टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर सोमवारची वाट बघू नको. लगेच बंद कर, चार्जर काढ, टोचू-दाबू नको आणि पोरीला त्याच्याजवळ बसू देऊ नको. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

त्या आज्जाकडं गेल्या महिन्यात परत गेलो होतो. आता त्याच्या थोरल्या मुलाच्या वाटणीपत्राचं काम आहे. दुपारी चारला वारा सुटला, लाईट गेली, आणि सोप्यावर इतका अंधार झाला की कागदावरचे शिक्के दिसेनात. आज्जानं सवयीनं नातवाला वही आणायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे आज्जा, आणि लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. मूळ कानडी, खाली मराठी, अक्षर मोठं केलेलं. त्यानं पडद्याच्या उजेडात एकेक कलम बोट ठेवून वाचलं, दोन ठिकाणी मला थांबवून चूक काढली, आणि ती चूक खरोखर माझीच होती. साडेसहाला उठलो तेव्हा ४१ टक्के शिल्लक होते.

पत्र मिळालं की आज रात्रीच ते दोन आकडे आणि सायकल काउंट मेसेजनं पाठव, रेंज आली की मला मिळेल. पोरीला स्वतःच्या हातानं करू दे, तू शेजारी बस. काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे तेही कळव. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार