ऊर्जामंत्री साहेब, केळीला फिडरची दिवसाची लाइन द्या

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, सौर ऊर्जेचं महत्त्व खानदेशाला नव्यानं सांगायला नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, तेही पेपरात वाचलं. सौरला आमचा विरोध नाही. ती आमच्या वावरात कोणत्या वाटेनं येते, तेवढ्यापुरतं हे पत्र.

ज्याच्या त्याच्या वावरात पॅनल आणि पंप बसवून देणारी 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना वाईट नाही. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाचच, बाकी सरकारचं. ज्याच्या विहिरीला वर पाणी आहे आणि ज्याची कपाशी किंवा हरभरा आहे, तो या पंपावर खूश आहे. रात्री बॅटरी घेऊन, सापा-बिबट्याची धास्ती घेऊन पाणी भरायला जाणं त्याचं सुटलं. हे मान्य करायलाच हवं.

पण मी चोपडा तालुक्यातला केळीवाला. चोपडा, यावल, रावेर हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा आहे. इथं पाणी दरवर्षी खाली जातंय. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेच्या घोषणा ऐकता ऐकता आमची एक पिढी म्हातारी झाली, तो विषय वेगळा. आज माझ्या बोअरला उन्हाळ्यात पाणी पाचशे फुटांवर असतं. योजनेतला मोठ्यात मोठा पंप साडेसात एचपीचा.

आता हिशेब बघा. पाच बाय सहा फुटांवर लावलेल्या केळीची एकरी साधारण १,४५० झाडं होतात. मे महिन्यात ठिबकनं झाडाला रोज वीसेक लिटर पाणी लागतं, म्हणजे एकरी तीस हजार लिटरच्या आसपास. तेवढं पाणी पाचशे फुटांवरून वर आणायला, पंपातली घट धरून, पंचवीसेक युनिट वीज जाते. साडेसातच्या पंपाला पॅनल मिळतात सात किलोवॅटच्या आतबाहेर. चांगल्या उन्हात ते दिवसाला तीसेक युनिट देतील. त्यात उष्णता वाढली की वीज वाढते हा गैरसमज आहे. पॅनल तापला की त्याची वीज घटते, २५ अंशांच्या वर दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. दुपारी पॅनलला हात लावून बघा, चटका बसतो. शिवाय वर धुळीचा थर. म्हणजे साडेसातचा पंप जेमतेम एक एकर केळी जगवणार. माझ्या शेजाऱ्याच्या एका वाक्यात हे सगळं आलं: "पंप शे भाऊ, पन पानी नई."

आणि इथंच नवीन वीजजोडणी मागायला गेलं की उत्तर मिळतं, सौर घ्या. पाच एकर केळीवाल्यानं ते घेऊन करायचं काय?

दुसरी वाट तुमच्याच खात्याकडे आहे, म्हणून तर हे लिहितोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. सबस्टेशनजवळ पॅनल लागतात आणि अख्ख्या फिडरला, म्हणजे तिथून शेतपंपांना जाणाऱ्या लाइनला, दिवसा थ्री फेज मिळते. माझी साडेबारा एचपीची मोटर आहे तीच चालेल, कारण ऊन कमी पडलं तर मागे ग्रीडची नेहमीची वीज आहे. पावसाळ्यात पंप बंद असले तरी ती वीज दुसरीकडे वापरली जाते. वावरातल्या एकट्या पंपाचे पॅनल मात्र तेव्हा चार महिने नुसते भिजत उभे असतात. त्या पॅनलवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर निघालेला आहे. तो सरसकट का देत नाहीत, कळत नाही.

बिघाडाचंही बघा. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराकडे, असं कागदावर आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात एका पंपाचा कंट्रोलर जळाला. कंपनीचा माणूस येईतो बागेची पानं करपली आणि घड अर्धवट भरले. वायरमनला हाक मारली तर तो म्हणतो, सौर माझ्याकडे नाही. तेही खरंच.

जागेबद्दल एक बोलतो. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. त्यांची जमीन दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठीच गेली होती आणि तक्रार मोबदल्याची होती. धुळे जिल्हा ते विसरलेला नाही. म्हणून वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं देऊन पडीक जमीन घेता, ती पद्धत मला पटते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. फक्त हे भाडं दलालाच्या हातून येऊ देऊ नका.

मागणी साधी आहे. चोपडा, यावल, रावेरमधले केळीचे फिडर वाहिनी योजनेत आधी घ्या. कोणत्या सबस्टेशनला दिवसाची लाइन कोणत्या तारखेपासून, ते त्याच सबस्टेशनच्या फाटकावर लावा. आणि जिथं पाणी साडेसातच्या पंपाच्या आवाक्याबाहेर आहे, तिथं भूजलवाल्यांचा दाखला घेऊन नेहमीची जोडणी चालू ठेवा. मृगाची लागवड करायची की नाही, हे आम्हाला मे संपायच्या आत ठरवावं लागतं. उत्तर त्याआधी आलं तर उपयोग.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक केळी उत्पादक