वीस डॉलरच्या नोटेवरची घोडाचोर

मा. वारसा मंत्री,
ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत इथल्या आपल्या माणसांनीही वाचावी म्हणून.

परवा सिडनीच्या हॅरिस पार्कात कोथिंबीर घेताना वीसची नोट काढली, तर धाकटीने विचारलं, “ही चष्मेवाली आजी कोण गं?” म्हटलं, घोडाचोर. तिला थट्टाच वाटली.

मेरी हेडॉक, लँकशायरची. 1791 मध्ये घोडा चोरताना धरली गेली तेव्हा मुलाच्या वेशात होती, नाव सांगायची जेम्स बरो. वय तेरा-चौदा. शिक्षा सात वर्षं काळं पाणी, म्हणजे ऑस्ट्रेलियात हद्दपारी. 1792 च्या ऑक्टोबरात ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजाने सिडनीला आली आणि घरी धाडलेल्या पत्रात लिहून बसली की दोन-तीन वर्षांत संधी साधून निसटेन. निसटली नाही. थॉमस रीबीशी लग्न, सात मुलं, 1811 मध्ये वैधव्य आणि मग गलबतं, गोदामं, घरं. पण 1828 च्या जनगणनेत तिने सांगितलं काय, तर आपण 1821 मध्ये स्वखुशीने आलो! 1820 मध्ये ती विलायतेला गेली होती आणि 1821 मध्ये परतली, तेवढं निमित्त पुरलं. एवढी श्रीमंत बाई, तिलाही डाग झाकावा लागला.

ज्यांच्याकडे झाकायला पैसा नव्हता त्यांचं काय? या देशात सुमारे 25,000 बायका अशा आणल्या गेल्या, बहुतेकींचा गुन्हा चोरीचा. त्यांतल्या कितीतरी सिडनीतल्या आमच्या पॅरामॅटाच्या फीमेल फॅक्टरीत राहिल्या. 1821 मध्ये उघडलेली ही इमारत तुरुंग होती, लोकर कातायचा कारखाना होता, बाळंतपणाची जागा होती, आणि वधूसंशोधनाचीही. वसाहतीतले पुरुष इथे बायको निवडायला यायचे. आमच्या कांदेपोह्यांत निदान पोहे तरी मिळतात. तिसऱ्या, म्हणजे शिक्षेच्या, वर्गातल्या बायकांना खडी फोडायला लावत, शिक्षा म्हणून केस कापत. 1827 मध्ये पाव आणि साखर कमी केली, तेव्हा त्या फाटक फोडून गावात शिरल्या आणि दुकानांतून पाव-मांस उचलून नेलं. मागे सैनिक लागले.

आता माझी तक्रार. 2010 मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातली कैद्यांची 11 ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. होबार्टची कॅस्केड्स ही अशीच बायकांची फॅक्टरी त्यांत आहे. पॅरामॅटातलं गव्हर्नरसाहेबांचं जुनं घरही आहे. त्याच गावातली फॅक्टरी मात्र तेव्हा घेतली नाही. तिच्या वाट्याला 2017 मध्ये राष्ट्रीय वारसा यादी आली. साहेबाचा बंगला जगाचा वारसा आणि त्याच्या राज्यात खडी फोडणाऱ्या बायकांचं आवार नाही, हा हिशोब मला कळलेला नाही.

युनेस्कोकडे प्रस्ताव सरकारच पाठवतं, आम्ही नाही. फॅक्टरीचा प्रस्ताव पाठवला का, नसेल तर कधी पाठवता, तेवढं कळवावं. आणि तिथल्या पाटीवर बाईच्या नावासमोर तिने काय चोरलं तेही लिहावं, मोठ्या अक्षरात. धाकटीला वाचायला घेऊन जाईन.

आपली,
पॅरामॅटाची एक रहिवासी